तीनपैकी दोन गडू

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याची मुलगी अडीच वर्षांची होती. तो नवी मुंबईत एका कंपनीत माहिती साठवण्याच्या यंत्रणांवर काम करणारा अभियंता होता. मी अलिबागला एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर आहे. आई गावी राहते, बोर्ली पंचतनपासून थोड्या अंतरावर. तिथे आमची माडासुपारीची वाडी आहे.

भावाच्या कंपनीने त्याच्या कामावर काही पेटंट घेतली होती. अर्जावर आणखी चारपाच जणांच्या नावांबरोबर त्याचंही नाव असायचं. कंपनीने दिलेली प्रमाणपत्राची चौकट त्याने भिंतीवर लावली नाही, कपाटावर ठेवली. आईला मात्र मुलगा नक्की काय करतो हे कळायला हवं होतं.

"कोणी विचारलं तर मी कॉम्प्युटर एवढंच सांगते," ती एकदा म्हणाली. "ते म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये काय? मग मी चहा टाकायला उठते."

त्याने तिला परसात नेलं. "विहीर किती?"

"एक."

"पंप?"

"एकच. तोही तुझ्या बापाच्या वेळचा."

"पण प्रत्येक माडाच्या आळ्यात पाट सोडलास की त्या माडाला वाटतं, विहीर आपलीच. आमच्याकडे तसंच. मशीन एकच, मोठं. त्यात भिंती घालून आम्ही शंभर मशीनं करतो. ज्याने भाड्याने घेतलं त्याला वाटतं, अख्खं मशीन आपलं. याच्या आळ्यातलं पाणी त्याला दिसता कामा नये, एवढं मी बघतो."

"म्हणजे दुसऱ्याच्या वाडीत शिंपणं करतोस म्हण की."

"हो. एसीत बसून."

पुढे कित्येक दिवस आईने शेजारीपाजारी हेच सांगितलं. मुलगा शिंपणं करतो, म्हणजे तसं नाही, पण तसंच.

काही वर्षांपूर्वीच्या वादळात आमच्या घराची अर्धी कौलं गेली. सुपाऱ्या आडव्या झाल्या. वीज यायला बरेच आठवडे लागले. भावाला रस्ता मोकळा झाल्यावर येता आलं. त्याने आधी माळ्यावरची ट्रंक उघडली. आमच्या वडिलांचे फोटो तिच्यात होते. ते त्याआधीच वारले होते. पाणी शिरून सगळे फोटो एकमेकांना चिकटले होते. त्याने एक एक सोडवायला घेतला तेव्हा एकाचा चेहरा निघून दुसऱ्याच्या पाठीवर जाऊ लागला. वडिलांचे धड राहिलेले फोटो एका हातात मावतील एवढेच. बाकीचे त्याने अंगणात वाळत घातले आणि संध्याकाळी गोळा करून ठेवले.

त्यानंतर त्याने घरातलं जे जे राहिलं होतं ते स्कॅन केलं. आमच्या प्रगतिपुस्तकांपासून आईच्या लग्नाच्या पत्रिकेपर्यंत. ती माहिती त्याने तीन वेगवेगळ्या शहरांतल्या भाड्याच्या सर्व्हरांवर ठेवली, तीही कुलूपबंद. म्हणजे असं की सर्व्हरवाल्याने उघडून बघितलं तरी त्याला नुसता कचरा दिसावा. एका छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, असं तो म्हणायचा. एका संकटाच्या टप्प्यात दोन प्रती येऊ द्यायच्या नाहीत, हा त्याच्या कामातला पहिला नियम होता, आणि त्यावरून तो कंपनीत नव्या लोकांना बराच पिडायचा असं मागाहून त्याच्या सहकाऱ्याने मला सांगितलं.

राहिला प्रश्न चावीचा. चावी म्हणजे एक लांबलचक आकडा. तो पाठ होण्यासारखा नव्हता. कागद आमच्याकडे एका पावसाळ्यात बुरसतो. पेनड्राइव्हचं टोक खाऱ्या हवेत गंजतं. यावर त्याने काढलेला तोडगा मी त्याच्याबरोबर होतो म्हणून मला माहीत आहे. त्यामागचं कारण तेव्हा माहीत नव्हतं.

मुलीचं बारसं गावी झालं. आदल्या दिवशी त्याने बोर्लीच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून तीन पितळी गडू घेतले, जाड बुडाचे, एकाच घडणीचे. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा म्हातारा विजेची लेखणी घेऊन बसलेला असतो. भावाने त्याच्यापुढे तीन चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येकीवर चार ओळी, नुसते आकडे.

"नाव कुठं हाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाव नाही. आकडेच घाला. बुडाला."

"फोन नंबर हाय का? येवढा मोठा?"

"लांबचा आहे," भाऊ म्हणाला.

"दुबईचा आसंल," म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला आणि कामाला लागला. आकडा चुकू नये म्हणून भाऊ त्याच्या शेजारी उकिडवा बसून एकेक वाचत होता. काम झाल्यावर त्याने चिठ्ठ्यांचे बारीक तुकडे केले आणि गटारात टाकले.

बारशाला त्याने एक गडू आईला दिला, एक मला, एक स्वतःच्या घरी नेला. आईला म्हणाला, "हा जपायचा. मोडीत घालायचा नाही."

"मोडीत कशाला घालीन? नातीच्या बारशाचा गडू."

"आकडे घासले जातील एवढं जोर लावून घासू नकोस."

"मग काय काळा ठेवू?" आई म्हणाली. सगळे हसले. चावी कुठे आहे हे जितक्या कमी जणांना ठाऊक तितकी ती सुरक्षित, हा त्याच्या धंद्याचा दुसरा नियम. त्यामुळे आकडे कशाचे हे त्याने आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही खोदून विचारलं नाही. त्याची अशी खुळं नेहमीच असत.

वर्ष व्हायच्या आत त्याला रक्ताचा आजार निघाला.

उपचार मुंबईत झाले. अधूनमधून तो बरा दिसायचा. त्या काळात तो घरून काम करत असे. संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून बोलत बसायचा. माझ्या भावजयीला वाटायचं, परदेशातल्या ऑफिसशी मीटिंग चालली आहे. मुलीने दार वाजवलं तर ती तिला उचलून न्यायची. "बाबा कामात आहे," असं सांगायची.

आपण गेल्यावर काय, हा विषय त्याने काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. गावी आलेला असताना ओटीवर बसून तो एकदा म्हणाला, "आई, समजा मी नसलो तर..."

"दिवे लागलेत," आईने त्याला तोडलं. "शुभ बोल."

"नंतर बोलू तर नंतरही तू बोलू देणार नाहीस."

"नाहीच देणार."

भावजयीशी बोलायला गेला तर ती उठून जायची. "आधी बरा हो. मग काय ते सांग," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. घरात कोणीच ते ऐकून घेणार नव्हतं. मांडव्याच्या जेट्टीवर मी त्याला बोटीत बसवायला गेलो होतो, तेव्हा तो मला म्हणाला, "दादा, तुला कधीतरी एक मेल येईल. पत्ता अनोळखी वाटला तरी माझाच असेल. डिलीट मारू नकोस."

"कसला मेल?"

"येईल तेव्हा कळेल. लवकर येऊ नये असाच आहे."

तेवढ्यात बोट लागली. तो सावकाश फळीवरून आत गेला, खिडकीपाशी बसला आणि फोनमध्ये बघू लागला.

तो चैत्रात गेला. शेवटचे दिवस तो रुग्णालयातच होता. त्याच्या उशाशी घरून नेलेला गडू होता. तो पाणी त्यातूनच पीत असे.

दिवस गावी केले. तेराव्याच्या आदल्या दुपारी गुरुजींनी दानाच्या वस्तू सांगितल्या: छत्री, काठी, पायताण, अंथरूण-पांघरूण, पाण्याचं भांडं. भांडं दुकानातून आणलं होतं. आईने ते बाजूला सारलं. गेलेल्याच्या रोजच्या वापरातलं, त्याला आवडणारं द्यावं, म्हणजे ते त्याला पोचतं, असं आमच्याकडे मानतात. तिने सुनेला विचारलं, "त्याचा गडू आणलायस ना?"

भावजयीने तो त्याच्या कपड्यांबरोबर आणला होता. तो तिला ठेवून घ्यायचा होता हे तिने मला पुष्कळ उशिरा सांगितलं. त्या दिवशी सासूने मागताच ती उठली. तिने बॅगेतून गडू काढून दिला.

आणखी एक रीत आमच्या घरात आहे, इतरांकडे असेल-नसेल. एकटं भांडं आम्ही दान देत नाही. जोड द्यायची. आई स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा आपला गडू काढला, चिंचेने घासून लखलखीत केला आणि त्याच्या गडूशेजारी आणून ठेवला. दोन्ही सारखेच. गुरुजींनी संकल्प सोडला. मी तिथेच होतो. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही.

मेल त्यानंतर आला, तो गेल्याला दीड महिना झाल्यावर. मला आणि भावजयीला एकाच मिनिटाला. त्याने एका भाड्याच्या आभासी सर्व्हरवर एक लहानसा प्रोग्रॅम चालू ठेवला होता. तो प्रोग्रॅम त्याला दर दोन दिवसांनी विचारायचा, आहेस का? हा फोनवर एक बटण दाबायचा. दीड महिना बटण दाबलं गेलं नाही तर मेल सुटायचा. मुदत इतकी लांब का, तेही त्याने लिहिलं होतं. उपचारात काही आठवडे त्याला फोनशिवाय, वेगळं ठेवायचे. तो असतानाच मेल सुटून घरात रडारड व्हायला नको होती.

मेल छोटा होता. त्याने मुलीसाठी आपल्या आवाजात बोलून ठेवलं होतं. तिच्या प्रत्येक वाढदिवसाचं एक, ती मोठी होईपर्यंतचं. शिवाय पहिल्यांदा शाळेत जाताना ऐकायचं एक, आणि बायकोसाठी एक. सगळं घरच्या फोटोंबरोबर, त्याच कुलपात. कुलूप आणि चावी तो कधी एका वाटेने पाठवत नसे, म्हणून चावी मेलमध्ये नव्हती. कोणत्याही दोन गडूंच्या बुडाचे आकडे अमुक पानावर भरा, एवढंच सांगितलं होतं. तिन्हींची गरज नाही, कारण तीनपैकी एक जाईल हे त्याने धरलं होतं. एकट्या गडूवरून मात्र काहीच कळत नाही, अर्धंसुद्धा नाही, हेही लिहिलं होतं. नाहीतर चोराच्या हाती एक लागला की अर्धं काम झालं असतं.

मी मेल वाचून संपवायच्या आत फोन वाजला.

"दादा," भावजय म्हणाली, "दोन्ही दान दिले आपण."

मी अलिबागच्या घरातला माझा गडू खाली काढला. बुडाला चार ओळी नीट होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, घरात हाक मारून बायकोलाही बोलावलं.

"भांडी येतात तशी जातात हो," ते म्हणाले. "दोन खोल्यांत किती ठेवणार? एक गडू मी दुकानात मोडीत दिला. जड होता. आधी सांगितलं असतंत तर देवापुढे ठेवला असता."

"आणि दुसरा?"

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "तो मी आहेरात दिला. नवाकोरा दिसत होता, म्हणून. पण कोणाच्या लग्नात, ते आता... त्या महिन्यात रोज कुठे ना कुठे अक्षताच होत्या. एकाच पिशवीतून दोन-दोन ठिकाणी जात होतो आम्ही."

"आठवून बघ," गुरुजी म्हणाले.

"बघतेच आहे. तुम्ही असे बघत राहिलात तर आठवेल का?"

भांड्यांच्या दुकानदाराचे आजोबा कच्छहून आले होते. तो म्हणाला, "मोड? अरे साहेब, टेम्पो भरला की जाय. ते तर कधीच गेलं." कुठे, ते विचारून मी त्या भट्टीवाल्याला फोन लावला. वितळवलेल्या पितळावरचं काही शिल्लक राहतं का असं मी विचारतो आहे, असं त्याला वाटलं. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, आतापर्यंत देवळाची घंटा झाली असंल त्याची. वाजवून बगा." मी कशासाठी विचारतो आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी आभार मानून फोन ठेवला.

नाव घालणाऱ्या म्हाताऱ्याला तीन गडू आठवत होते. "दुबईचा नंबर," तो लगेच म्हणाला. आकडे आठवण्याचा प्रश्नच नव्हता.

भावाचा लॅपटॉप कंपनीचा होता. तो परत घेऊन नियमाप्रमाणे पुसला गेला होता. फोनवरून त्याने बोललेलं वर चढवलं की मूळ खोडून टाकलं होतं. त्याचा एक सहकारी दर रविवारी भावजयीकडे येऊन बसू लागला. त्याने जे जे करता येईल ते केलं. एका रविवारी मीही तिथे होतो.

"उघडेल का?" मी विचारलं.

"त्याने कुठे थोडं जरी ढिलं ठेवलं असतं ना, तर आपल्याला वाव होता," तो म्हणाला. "पण त्याने नीट केलंय सगळं. शिकवायचा तसंच."

मग आम्ही फोटोंकडे वळलो. बारशाच्या फोटोंत गडू होते, पण बुडावर उभे. शेवटी भावजयीला एक व्हिडिओ सापडला, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा, गावच्या घरातला. त्यात भाऊ आईच्या गडूने वरून पाणी पितो. गडू कलतो आणि त्याचं बूड कॅमेऱ्याकडे होतं. सहकाऱ्याने तो टीव्हीवर लावून एकेक चित्र थांबवून, मोठं करून बघितलं. वरच्या दोन ओळी वाचता आल्या. खालच्या दोन ओळींवर खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि पितळ तळपत होतं. आईने ते सकाळीच घासलेलं असणार.

सहकाऱ्याने बराच वेळ तेवढंच चित्र पुढे-मागे केलं. मग खुर्ची मागे सारली.

"आणखी एक ओळ लागली असती तरी जमलं असतं, वहिनी. राहिलेली एक मशीनने आकडे लावून लावून काढली असती. दोन ओळी नाही निघत. सगळ्या कंपनीची मशीनं लावली तरी आपल्या जन्मात नाही."

"बरं," ती म्हणाली. "चहा घेणार ना?"

ती आत गेली. व्हिडिओ पुढे चालू झाला. त्यात भाऊ पाणी पिऊन गडू खाली ठेवतो आणि कोणाला तरी म्हणतो, "बंद कर आता." मुलगी पलंगावर खेळत होती. आवाज ऐकून तिने मान वर केली, टीव्हीकडे बघितलं, मग पुन्हा आपल्या खेळण्याकडे.

आईला सांगायचं नाही असं भावजयीने ठरवलं. मला ते पटलं. पण गाव लहान आहे आणि मी गुरुजींकडे दोनदा गेलो होतो. पुढच्या खेपेला मी जेवायला बसलो तेव्हा आईने भात वाढता वाढता विचारलं, "गडूचं काय?"

"काही नाही. सहज चौकशी केली."

"सहज चौकशीला तू भट्टीवाल्याला फोन करतोस?"

मी सांगितलं. बातमी सांगावी तसं, जे झालं ते, त्याच क्रमाने. तिला सर्व्हर, मेल यांतलं किती कळलं माहीत नाही. विहीर आणि पाट तिला माहीत होते. तिने मध्ये एकदाच विचारलं, "पोरीशी बोललाय तो? तिच्या नावाने?"

"हो."

"किती?"

"ती मोठी होईपर्यंतचं."

ती पाटावर बसली. वाढायची पळी हातातच होती. "मोडीत घालू नकोस म्हणाला होता," ती म्हणाली. "मी मोडीत कुठे घातला? मी दान केला. त्याला पोचावा म्हणून केला."

"तुझं काही चुकलं नाही."

"एकटा दिला असता तर माझा राहिला असता."

ते खरं होतं. भावाने आग धरली होती, चोरी धरली होती, पूर, वादळ, सर्व्हरवाल्या कंपनीचं दिवाळं धरलं होतं. अलिबाग, नवी मुंबई आणि आमचं गाव यांवर एका वेळी काही कोसळणार नाही असा त्याचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. स्वतःचं तेरावं त्याने धरलं नव्हतं. ते धरायला कोणीतरी त्याच्याशी त्याबद्दल बोलायला हवं होतं.

आईने हात धुतले आणि विचारलं, "दुसरा आहेरात गेलाय म्हणतोस?"

"हो."

"म्हणजे कोणाच्या तरी घरात आहे."

"आहेराची भांडी पुढे जातात, आई. या लग्नातली त्या लग्नात."

"मोडीत गेला नाही ना?"

"ते सांगता येत नाही."

"मग आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून आई लग्नाची, मुंजीची, सत्यनारायणाची आमंत्रणं चुकवत नाही. पूर्वी तिला गुडघ्यांमुळे कुठे जाणं नको असायचं. आता म्हसळ्यापर्यंत जाते, एसटीने, कधी कोणाच्या रिक्षाने. पाणी दिलं की आधी पिते. मग गडू रिकामा करून उपडा करते आणि बूड बघते. सुरुवातीला लोकांना ते खटकायचं. खेड्यातल्या एका घरी सुनेने तिला तोंडावर विचारलं, "काय बगताव आजी? पितलच हाय ते, खोटं न्हाय." दुसरीकडे यजमानीण आत जाऊन भांडं पुन्हा घासून घेऊन आली. तिला वाटलं, खरकटं दिसलं. आता बहुतेकांना कारण माहीत झालं आहे. काही घरांतून आईला विचारावं लागत नाही. बायका फळीवरचे सगळे गडू काढून तिच्यापुढे ओळीने मांडतात आणि आपापल्या कामाला लागतात.

मी त्या लग्नांची यादी गुरुजींकडून काढून शक्य तितकी घरं पालथी घातली. काही निघालं नाही. एक घर मुंबईला हललं होतं, दोन घरांनी आहेर तसाच पुढच्या लग्नात दिला होता. त्यापुढे धागा सापडेना.

भावजय सर्व्हरचं भाडं दर वर्षी भरते. तिन्ही प्रती जागेवर आहेत, धड आहेत. सहकारी अधूनमधून तपासतो. मुलगी शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी ऐकायचं ते तिने ऐकलं नाही, आणि असं काही आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही. वाढदिवसाला ती तो पाणी पिण्याचा व्हिडिओ बघते. बाबाचा आवाज म्हणून तिला "बंद कर आता" एवढंच ओळखू येतं. खेळताना ती ते बाहुलीला म्हणते, त्याच सुरात.

माझा गडू कपाटात कापडात बांधून ठेवला आहे. तो काळा पडला आहे. काळं भांडं आईला आयुष्यात खपलं नाही. पण फोन केला की ती ठेवण्याआधी सांगते, तुझा घासू नकोस हं.

गेल्या महिन्यात तिला घेऊन बोर्लीच्या बाजारात गेलो होतो. भांड्यांच्या दुकानात मोडीचा ढीग टेम्पोची वाट बघत पडला होता. दुकानदाराने न विचारता तिला स्टूल दिलं. तिला आता बारीक दिसत नाही, म्हणून मी एकेक भांडं उचलून उपडं करायचं, वाचायचं आणि बाजूला ठेवायचं, असं आम्ही करतो. बहुतेकांवर नावं असतात. कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी आठवण म्हणून सप्रेम भेट.

ढिगात एक गडू होता. घडण तीच वाटत होती. आईने तो माझ्याआधी उचलला आणि बुडावरून अंगठा फिरवला.

"काहीतरी आहे यावर," ती म्हणाली.

मी तो उजेडात नेला. बुडाला एका बाईचं नाव होतं आणि खाली गावाचं.

"नाव आहे, आई."

"आकडे नाहीत?"

"नाहीत."

"नीट बघितलंस?"

मी पुन्हा बघितलं. "नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "ते पातेलं उचल. त्याच्याखाली आणखी दिसतायत."